व्हर्निअर घेऊन ये

ईरण्णानं फोनवर एवढंच सांगितलं :
व्हर्निअर घेऊन ये,
आणि येताना घरात कुणाला बोलू नको.

मी उद्यमबागेतला पॅटर्नमेकर.
चौतीस वर्षं सागवानात पंप कोरले, व्हॉल्व्ह कोरले,
त्यांच्यावर वाळू दाबून लोखंड ओतलं ते दुसऱ्यांनी.
कुठलीही वस्तू हातात आली
की माझा अंगठा आधी तिची शिवण शोधतो.

सांबऱ्याच्या वाटेवर त्याचं घर.
कॉटवर खोका, तान्हं मूल निजेल एवढा.
आत डकोटा, बत्तीसाव्या हिश्शाचं,
पंख जोडले तर तीन फूट भरतील.
"अडतीस हजार चारशे," तो म्हणाला, दार लोटून घेत.
"पेन्शनचे. कस्टमचे निराळे.
तू साच्यातला माणूस. बघून सांग की,
फसलोय काय मी?"

सातशे बारा तुकडे.
तो कानडीत मोजत होता, मी मराठीत,
म्हणून बेरीज दोनदा चुकली.
तुकड्याला पडले चोपन्न रुपये.
"ऐवत्नाल्कु," तो पुटपुटला,
आणि मोहरीएवढी एक मूठ चिमटीत धरून
तिच्याकडे बघत राहिला, उधारी मागितल्यासारखा.

मी कामाला लागलो.
डाव्या पंखाच्या मुळाशी प्लास्टिक आकसलेलं,
नखाएवढा खड्डा. असा माल
आमच्या फाउंड्रीनं परत पाठवला असता.
दोन चौकटींवर कडेला पापुद्रा सुटलेला :
साचा जुना झाला, कुणी घासला नाही.
शेपटीचे दोन अर्धे एकमेकांवर ठेवले, फट अर्ध्या मिलिमीटरची.
रिवेट मात्र बरोबर, डोक्यासकट,
एकही पळवाट काढलेली नाही.
काचा स्वच्छ. कागदावरची चित्रं पिवळी पडायला आलेली.
मी सगळं पाकिटाच्या पाठीवर लिहिलं,
खाली रेघ मारली
आणि लिहिलं : अठरा हजार. फार तर वीस.

तो काही बोलला नाही.
चष्मा पुसला, मग एकच तुकडा पुढं केला :
चाक जिथं पोटात जातं, ती पोकळी.
"हे बघ."

आत तेलाच्या नळ्या होत्या.
एक नळी सरळ जाऊ शकली असती,
गेली नव्हती. कोपऱ्यात जरा वाकून
पट्टीखालून निघाली होती.
"इथं पाना बसत नाही," ईरण्णा म्हणाला.
"इथं मनगट असं उलटं घालावं लागतं."
आणि त्यानं घातलं, हवेत,
एकाहत्तर वर्षांचं मनगट,
कातडीवर अजून एक पांढरा व्रण त्याच जागी.

हे कुणी कोरलं असेल?
मी सूचनांचं पुस्तक चाळलं, शेवटच्या पानापर्यंत.
रंगांचे नंबर होते, गोंदाची जाहिरात होती.
नाव नव्हतं.
माझ्याही पंपांवर कधी नव्हतं, ते सोडा.
पण त्या माणसाला ही नळी सरळ काढता आली असती.
अर्धा पंख चिकटवला की ती कुणाला दिसणार?

"मग," तो म्हणाला, "वीसच?"
मी पाकीट उलटं केलं.
साच्याचा माणूस म्हणून वीसच, मी म्हणालो,
खड्डा तो खड्डा, त्यात बदल नाही.
वरचे अठरा हजार चारशे
तुझे तू त्या नळीला विचार.

बाहेर मल्लव्वा ताक घेऊन आली, दार वाजवलं.
"काय चाललंय दोघांचं? केवढ्याला आणलंय ते?"
"दोन हजार," ईरण्णा.
"पावती मी कधीच वाचलीय," ती म्हणाली,
पेले ठेवले, आणि पोकळीत वाकून बघितलं.
"तीन फुटांचं हे ठेवणार कुठं? माझ्या डोक्यावर?"

याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. कपाट सव्वादोन फूट.

एप्रिल होता. घाम नाकावरून प्लास्टिकवर टपकत होता.
तिनं पंख्याचं बटण दाबलं
आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो :
नको! उडतील.