सदतिसावा प्रश्न

ग्रिम्सबीच्या गोदीमागे एका पबच्या माडीवर
नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही जमतो.
यंदा एकोणीस. गेल्या साली बावीस होतो;
दोघं वारले, एक गुडघ्यांसाठी स्पेनला गेला.

क्लाइव्ह ऑर्मरॉडवर पन्नास प्रश्न.
बँडच्या दिवसांवर एकही नाही, असा दंडक.
बँड काय, कुणालाही येतो, पॅजेट म्हणतो,
रसायनशास्त्राचा निवृत्त मास्तर, खडू अजून बोटांत.
माणूस एकटा गायला लागला
की मग कळतं, ऐकणारे किती.

पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याच्या कोटाला बटणं किती?
पाच. पण एक लोंबतंय, ते धरायचं का,
यावरून हिल्डा आणि बर्नार्डचं नऊ वर्षं बोलणं नाही.
बसतात एकाच टेबलाशी. नवरा-बायको आहेत.

लीड्सला तो कुठल्या कडव्यात अडखळला?
हलच्या मैफलीत वीज गेली तेव्हा काय म्हणाला?
त्याच्या कुत्रीचं नाव?
पेन्सिली खरखरतात, चिप्सवरचं व्हिनेगर
उत्तरपत्रिकेवर ओघळतं.
दुसऱ्या रेकॉर्डच्या किती प्रती
दुकानांतून तशाच परत आल्या,
ते मात्र कुणी विचारत नाही.
ते सगळ्यांना येतं.

मग सदतिसावा.
‘भरतीचं वेळापत्रक’, दोन मिनिटं अकरा सेकंद:
खोकलं कोण? गुण दोन.
छापील उत्तर: ऑर्मरॉड स्वतः.
त्यानेच मुलाखतीत सांगितलेलं, अंगात ताप होता,
गाणं खरं राहावं म्हणून काढून टाकलं नाही.

खोकलो मी.
एकोणीस वर्षांचा होतो, टेपा वाहायचो.
मासे धुरावायचं जुनं घर, तिथे स्टुडिओ,
भिंतींना हेरिंगचा वास, फेब्रुवारी,
आणि श्वाससुद्धा घेऊ नकोस अशी ताकीद.
तो भिंतीकडे तोंड करून उभा.
बँडमध्ये ड्रमवाला आकडे मोजून द्यायचा;
आता स्वतःच पुटपुटायचा, एक, दोन, तीन, चार,
आणि चारनंतर जरा थांबायचा,
जणू कुणी यायचं राहिलंय.
एक्केचाळिसाव्या खेपेला जमलं.
नेमका तेव्हाच मी.

वाटलं, गेली नोकरी.
त्याने तेवढाच तुकडा तीनदा ऐकला.
म्हणाला, असू दे रे.
खोलीत कुणीतरी होतं, एवढं तरी कळेल.

मग मुलाखतीत ‘मी’ का म्हणाला, ठाऊक नाही.
विसरला असेल. किंवा एकटा पडलेला माणूस
हाताला लागेल ते आपलं म्हणत असेल,
दुसऱ्याचा खोकलासुद्धा.
मी दरसाल ‘ऑर्मरॉड’ लिहितो
आणि दोन गुण खिशात घालतो.

यंदा एक नवी मुलगी आली, तारिरो,
मूळची हरारेची, इथल्या इस्पितळात छातीच्या वॉर्डात नर्स.
रात्रपाळीला ऐकते म्हणाली.
तिने लिहिलं: दुसरं कुणीतरी.
पॅजेटने फुली मारली. ती उठून उभी राहिली.
हा चाळिशीतल्या सिगरेटवाल्याचा खोकला नव्हे.
कोवळा घसा आहे. दाबून धरलाय,
दाबताना सुटलाय.
घाबरलेलं पोर आहे कुणाचं तरी.

सगळे हसले. छापील ते छापील.
ती दोन गुणांनी हरली. माझ्याकडून.
बक्षीस, टवका उडालेला बिअरचा मग.

जिना अरुंद. खालून गोदीचा वारा वर चढत होता.
घशात ते जुनंच काहीतरी खरखरलं.
मी ओठ मिटले, मग छातीशी धरला, कठडा पकडला,
एक, दोन, तीन, चार पायऱ्या.

पुढची तारिरो थांबली.
मागे वळली नाही.