दारदारा

आमच्या भाषेत थरथरीला दारदारा म्हणतात.
त्या प्रथिनाचं नावही डॉक्टरांनी त्यावरूनच ठेवलं,
आमच्याच खोऱ्यातली रक्तं तपासून.
बाबांना थोडा अभिमान वाटला:
एवढ्याशा भाषेतला एक शब्द
जगभरच्या पुस्तकांत गेला,
गेला तो हा.

सुरुवात हातापासून झाली नव्हती.
नाकापासून झाली.
अकरा वर्षं आधी, ऑक्टोबरात,
सहाव्या पिंपातल्या सायडरचं व्हिनेगर झालं
आणि बाबा त्याला टेकून
मला सफरचंदांचे भाव सांगत होते.

मग खडूची अक्षरं.
तळघराच्या भिंतीवर ते दर हंगामाचा हिशेब लिहीत.
अठ्ठ्याण्णवचे आकडे तळहाताएवढे.
दोन हजार सातचे बोटभर.
तेराचे वाचायला मी गुडघ्यांवर बसले, दिवा जवळ नेला:
ओळीच्या शेवटी शेवटी मुंग्या होत गेलेले आकडे,
जणू आतून कुणी दोरी ओढत होतं.

मेंदूच्या देठाशी काळ्या पेशींचे दोन पुंजके असतात.
एकेक पेशी अशी फांदारलेली
की टोकांना लाखो कळ्या,
आणि एवढ्या झाडाला पाणी घालणारी ती एकटी.
दमणारच.
त्यात बाराव्या गुणसूत्रावरच्या एका लांबलचक माळेत
एक हजार चारशे एकेचाळिसावा मणी
भलत्याच जातीचा ओवलेला.
बाकी माळ जशीच्या तशी.
पण तेवढ्यानं ते प्रथिन जरा जास्तच कामसू होतं,
नको तिथे शिक्के मारत सुटतं,
आणि पेशीतला केर उंबऱ्यापाशी साचत जातो.

बिशेंता आत्याकडेही तोच मणी आहे.
वय एक्याण्णव. सुईत दोरा स्वतः ओवते,
पत्त्यांत लबाडी करते, सापडत नाही.
कसं काय, ते डॉक्टरांना सांगता येत नाही.
ती सांगते: मी लग्न केलं नाही.

गेल्या वसंतात दोनोस्तियाच्या प्रयोगशाळेत
बाबांच्या दंडाची मसुराएवढी कातडी काढली.
तिला तिचं कातडीपण विसरायला लावलं,
मागे मागे नेलं, काहीच ठरलेलं नसतं तिथवर,
आणि मग सांगितलं, आता मध्यमेंदू हो.
ओइहाने नावाची मुलगी दिवसाआड त्याला भरवते.
चार महिन्यांनी त्या वाटाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यात
काळे ठिपके उमटले,
सफरचंद पिकू लागलं की आतल्या बिया रंग धरतात तसे.

हे बाबाच. पण आईच्या पोटातले.
एकावन्न सालचा हिवाळा. आजी एइबारच्या कारखान्यात
शिवणयंत्रांचे सुटे भाग घासत होती,
आणि तिच्या आत, कुणी न शिकवता,
या पेशी मधल्या रेषेवर जन्मून
एकमेकींच्या आधारानं सरकत
आपापल्या जागी निघाल्या होत्या.
मणी तेव्हाही होता.
मणी होता आणि बाळ झकास लाथा मारत होतं.

बाबा काचेपाशी वाकले, उजवा हात कोटाच्या खिशात दाबून.
"हा थरथरतो का?"
"नाही," ओइहाने म्हणाली. "थरथरायला हात लागतात."
बाबा हसले. चेहऱ्यानं नाही, तो आता हसत नाही;
खांद्यांनी.
मग बराच वेळ बघत राहिले.
"बिचारा," म्हणाले, "यानं सफरचंद पाहिलेलंच नाही."

माझ्या दंडावरही मसुराएवढा वण आहे.
निकाल मी अजून विचारलेला नाही.
निघताना गाडीची किल्ली त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली,
तिसऱ्या प्रयत्नात.
आम्ही दोघांनीही मोजलं नाही, असं दाखवलं.

यंदा पिंपांचा वास मी घेते.
सहाव्याचा दोनदा.
भिंतीवरही मीच लिहिते,
मोठ्या अक्षरात,
उगाचच मोठ्या.