समासातली पेन्सिल

कणकुंबीच्या रानात
डॉक्टर प्रमिला हुंदरे पांढरं फ्लॅनेल ओढत जायच्या
गवतावरून, कुजलेल्या पानांवरून,
मेलेल्या माकडाभोवती पन्नास पावलं.
मी मागं, बर्फाचा डबा घेऊन.

"काय शोधूलालीस, बाई?"
काजूच्या बागेतला पिराजी विचारायचा.
त्या कापड पुढं धरायच्या:
तिळाहून बारीक गोचीड. चालणारे.

फॉर्म कन्नडात, अहवाल इंग्रजीत,
आणि समासात, पेन्सिलीनं, मराठी:
मुलगा पाचवीत. तापाचा सहावा दिवस. नाकातून रक्त.
आई म्हणते, परवा फणस मागत होता.

एकवीस वर्षं.
वीज गेली की फ्रीझरला पाठ लावून बसायच्या,
बाळंतिणीच्या दाराशी कुणी बसावं तशा.
बघायला आलेले अथणीचे पाहुणे
उणे सत्तरची गोष्ट ऐकून
चहा पिऊन गेले.

मग लस आली.
पहिली सुई त्यांच्याच दंडात,
दुसरी माझ्या, तिसरी पिराजीच्या.

चौथ्या शिमग्याला
आमचंच रक्त तपासून त्यांनी आलेख काढला.
रेघ उतरत होती
चोर्ला घाटातल्या ट्रकसारखी, ब्रेक नसलेल्या.
कुणी मागितला नव्हता तो आलेख.
त्यांनीच बेंगळूरला पाठवला.
खाली सही, पूर्ण नाव.

परवा निवृत्तीचा हार खुर्चीवर ठेवून म्हणाल्या,
"भरमा, उद्या जांबोटी. माकड पडलंय."
"आता कशाला, बाई?"

त्या पायमोज्यात पँट खोचत होत्या.
"वाटेत पिराजीकडं थांबू.
त्याला अजून सांगितलं नाही मी,
सुई उतरलीय म्हणून."