टिंब

रात्री दोनला दोरिवालचा फोन:
फरोफा अडलीय, वासरू येत नाहीये.

लाल धुळीतून जीप. ऑगस्ट. मिनासच्या माळावर
इपेच्या झाडाला पान नाही, नुसता पिवळा बहर.
झेनाइदे वाटेत एक शब्द बोलली नाही,
हातमोज्यांचं पाकीट मांडीवर घट्ट धरून.

गीरचं वासरू चोवीस किलोचं, फार तर सव्वीस.
हे ओढून काढलं तेव्हा काटा एकोणसाठावर.
जीभ तोंडात मावेना. बेंबीपाशी
मुठीएवढं आतडं बाहेर.
दोरिवालनं टोपी काढली, मग उगीच परत घातली.
“बाई, काय घातलं होतं त्या बशीत?”

नोंदवहीत सगळं बरोबर.
साडेअडतीस अंश. तेलाखाली एक थेंब,
सीरमची नवी बाटली, सात दिवस,
आणि डोळ्याला न दिसणारा तो जीव,
जो गाईच्या पोटात असता
तर अंधारात, घरंगळत, सावकाश आला असता.

पहाटे प्रयोगशाळेत तिनं फळ्यावर लिहून दाखवलं:
तिच्या भाषेत आजोबा आणि आजी
त्याच तीन अक्षरांचे.
शेवटच्या अक्षरावर टोपी असली तर आजोबा,
तिरपी रेघ असली तर आजी.
मी खाली ‘वंश’ लिहिलं. बोटानं टिंब पुसलं.
‘वश’, मी वाचलं, अर्थ सांगितला.
ती हसली नाही.

अक्षरं तर कोणीच बदलली नव्हती.
बापाकडून आलेलं ‘वाढ’ जागच्या जागी होतं.
आईकडून यायचं ‘पुरे’
त्या सात दिवसांत कधीतरी
कुणाच्याच हातून न निसटता निसटलं.
बाटलीमुळे? उजेडामुळे?
तिला माहीत नाही, मला तर नाहीच.
कुरणात याच बशांतली दोनशे अकरा वासरं
लुचतात, उधळतात, काटेरी तारेत शेपूट अडकवून घेतात.
त्यांचं काही चुकलेलं नाही.
निदान दिसत तरी नाही.

फरोफा त्याची कुणी नव्हे,
नऊ महिने पोट दिलं, एवढंच.
आम्ही निघालो तेव्हा ती चाटत होती,
कपाळ, कान, ती बाहेर लोंबणारी जीभसुद्धा.
दोरिवालनं दोनदा दावं ओढून पाहिलं.
तिला कोण म्हणणार, पुरे.

झेनाइदेनं दिवा मंद केला,
इनक्युबेटरमधून नवी बशी काढली,
मोजायला बसली.
आठ वाजता फोन वाजला.
तिनं तो वाजू दिला.