आधी कार्ड

सावद्याच्या केळी संघात लाइट जाते,
पंधरा मिनिटांत येते. फोन येत नाहीत.
हेमलता फेगडे रजिस्टरात लिहून ठेवतात:
"मंगळवार. पहाटे ५.४०. मुके."
असे अकरा वार, त्यातला एक पोळ्याचा.

सहाला भाव फुटतो.
रावेर, यावल, पार चोपड्यापर्यंतचे बागाईतदार
एकदम विचारतात, काय निघाला,
आणि टेपवरची बाई त्यांना उत्तर देते.
म्हणून मला भुसावळहून रात्रीच बोलावलं.

मशीन मागच्या खोलीत, वजनकाट्याशेजारी.
झाकण काढलं तर आत पिवळी धूळ
आणि केळीच्या सुकल्या पानाचा तुकडा,
तो आत कसा गेला कुणास ठाऊक.
कार्ड जागेवर. चार दिवे, चारही लाल.

हाताने ड्रायव्हर चढवला. एक ओळ, एंटर.
लाल, पिवळा, हिरवा.
रिसीव्हर उचलला: टोन.
वॉचमन नामदार तडवी म्हणाला, "झालं ना मंग?"
झालं नव्हतं.
हाताने भरवलं तर कुणीही जेवतं.
रीस्टार्ट केलं. चारही लाल.

लिनक्स उठताना बडबडतं,
काय सापडलं, कोण भेटलं,
सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत मांडून.
मी ती बडबड पहिले दोन तास वाचलीच नाही.
केबल बदलली. स्लॉट बदलला.
सांगू नये, पण फुंकरही मारली.
नामदारने डबा उघडला. भरीत, कळण्याची भाकरी.
खाता खाता वाचायला लागलो तेव्हा दिसलं:

चौथ्या सेकंदाला दुसराच एक ड्रायव्हर,
जुना, कुणी न बोलावलेला,
येऊन कार्ड धरून बसतो.
आमचा येतो सातव्याला, दार ढकलतो,
जागा भरलेली.
आणि आमचा सज्जन. भांडत नाही.
लॉगमध्ये एक ओळ लिहून परत जातो.
लग्नाच्या पंगतीतून माझे काका असेच परत यायचे.

त्या जुन्याचं नाव काळ्या यादीत टाकलं.
रीस्टार्ट.
चारही हिरवे. रिसीव्हरमध्ये काहीच नाही.

नामदार आता काही विचारत नव्हता.

फोनचा प्रोग्राम नवव्या सेकंदाला उठून
कार्डाला हाक मारत होता,
कार्ड जागं होत होतं अकराव्याला.
मधल्या दोन सेकंदांत त्याने ठरवून टाकलं
की या इमारतीत लाइनच नाही,
आणि त्याच समजुतीवर तो दिवसभर चालायचा.
मी भुसावळचा. आउटरला उभी गाडी
आणि मोकळा प्लॅटफॉर्म, दोन्ही एकाच वेळी खरं असतं,
हे मला कुणी शिकवावं लागत नाही.

क्रम बदलला. आधी कार्ड, मग फोन.
मध्ये पाच सेकंदांची झोप घातली,
आणि फाइलीत वरच्या बाजूला,
माझ्यानंतर जो येईल त्याच्यासाठी, मराठीत लिहिलं:
"हे कार्ड सावकाश उठतं. घाई करू नये."

"नामदार, मेन स्विच पाड."
"मी?"
"तूच. रोज जाते तशी. न सांगता."
त्याने पँटीला हात पुसला आणि पाडला.

पंखा थोडा वेळ आपल्या जोरावर फिरत राहिला.
यूपीएसची बॅटरी फुगलेली, पण ते वेगळं काम, वेगळं बिल.
बाहेर दिल्लीच्या ट्रकमध्ये क्लीनर घोरत होता.
"किती येळ थांबायचं?"
"रोज किती वेळ जाते?"
"तिचा काय भरोसा, भाऊ."

हेमलताताई आल्या तेव्हा दिवे लागलेले होते.
मला काही विचारलं नाही. रिसीव्हर कानाला लावला,
बराच वेळ ऐकलं, ठेवला.
रजिस्टर उघडून तारीख लिहिली, वेळ लिहिली,
पुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून पेन तसंच धरून बसल्या.

सहाला दोन मिनिटं कमी असताना पहिली घंटी.
पलीकडून कुणी म्हातारा, वाघोद्याचा:
"कोन? मानूसच का?"
"माणूसच," त्या म्हणाल्या. "बोला."