वाटणी

सेलूत, स्टेशन रोडला, माझ्या काचेच्या टेबलावर
सोजरबाईंनी रुमालाची गाठ सोडून फोन ठेवला.
हौदात पडलेला. तीन दिवस तांदळात पुरलेला.

मी म्हणालो, आतली पार्टिशनं गेलीत.
म्हंजे?
म्हणजे आत वाटण्या असतात, मावशी,
आणि कुणीतरी बांध कोरलेत.
ती हसली. आमच्याकडंबी तेच.

दोन रात्री लॅपटॉप नुसता खोदत राहिला.
लाइट गेली की पुन्हा पहिल्या फुटापासून.
मग निघू लागलं:
नाव हरवलेल्या फायली, नुसते आकडे,
म्हशीचं एक शिंग, कुणाच्या लग्नातली अर्धी पंगत,
सात सेकंदांचा अंधार, त्यात ट्रॅक्टर.

आणि तो कागद.
बापानं अंगठा दिलेला, तिनं घाईत टिपलेला.
मूळ कागद सापडत नाही, म्हणतात भाऊ.
बालासाहेब, दोन एकर.
भागवत, दोन एकर.
अच्युत,
आणि तिथून खाली राखाडी.

एवढंच आलं, मी म्हणालो.
तिनं स्क्रीनवर बोट टेकवलं
राखाडी सुरू होते बरोबर तिथं:
हितं मपलं नाव व्हतं.

पैसे घेणार नव्हतो. तिनं मोजून दिले.
प्रिंट काढ, म्हणाली.
पुरी काढ. खालून कापू नको.