वरचं माझ्याकडे

दुपारी तीनला पेट्रोल पंपावर
डॉर्थिया क्लासेन बॉनेटवर नकाशा पसरते,
वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर
किल्ल्या, चष्म्याचं घर आणि दोन गार बरिटो.
चाळीस वर्षं याच रस्त्यांवर तिनं शाळेची बस चालवली.
आता मोतीबिंदू. म्हणून स्टिअरिंगवर मी.
"तू खालचं बघ," ती म्हणते, "वरचं माझ्याकडे."

पश्चिमेला आधी काहीच नसतं.
मग पिंजलेला एक पुंजका,
आणि तासाभरात दूध उतू जावं तसं
आभाळ काठाबाहेर.
विमानांच्याही वर ते कशाला तरी थडकतं
आणि आडवं पसरतं, सपाट, ऐरणीसारखं.
घाव अजून पडायचेत.

कॅन्ससमध्ये आडोशाला डोंगर नाही.
एक पवनचक्की, तारेचं कुंपण,
आणि गायी, सगळ्या एकाच दिशेला पाठ करून.
कच्च्या रस्त्याला वळून मी इंजिन बंद करतो.
वारा आमच्या पाठीमागून निघतो,
गव्हाच्या हिरव्या ओंब्या ढगाकडे वाकतात.
तो श्वास आत ओढतोय.
तारेवर पिवळ्या छातीचा एक पक्षी गातच राहतो,
त्याला कुणी सांगितलेलं नाही.

ती तिपाई मातीत रोवते.
वीज.
ती मोजू लागते, नुसते ओठ हलवत,
जशी आरशात बघून मुलं मोजायची.
गडगडाट येतो तेव्हा थांबते:
"अकरा. सगळे आहेत."
मी काही बोलत नाही.
उजेड शेवाळी होतो. ढगाचं पोट फिरू लागतं, सावकाश,
एखाद्या जात्यासारखं.
"दिसतंय का तुला?"
"पुरेसं," ती म्हणते, आणि बटण दाबते.
मग पहिली गार टपावर.
आम्ही पळतो, तिपाई तिथेच.

तिच्या घरी डीपफ्रिजमध्ये, मटारच्या पिशवीमागे
एक जुनी गार आहे.
चिठ्ठीवर नऊ मे, सालाची शाई पुसलेली.
पडली तेव्हा संत्र्याएवढी होती म्हणे.
त्या दिवसाचा फोटो जिन्याजवळ लावलाय,
त्यातला ढग अजून तेवढाच.
गार मात्र न वितळताच
दरवर्षी थोडी कमी होते. आता लिंबाएवढी.
एप्रिल लागला की डॉर्थिया ती काढते,
तळहातावर जोखते,
पटकन परत ठेवून झाकण लावते,
ओला हात पँटला पुसते
आणि विचारते, "टाकी भरलीस?"